गटाची किल्ली कोणाकडे असावी?

पत्र (संक्षिप्त): ताई, सादर नमस्कार. मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहतो. सहा वर्षांपासून माझी दारू बंद आहे. आमच्या गावात मद्यपींचा स्वमदत गट आठवड्यातून तीन दिवस भरतो. तो आप्पांनी सुरू केला. त्यांची दारू सुटून अठरा वर्षे झाली आणि आम्हा साऱ्यांना त्यांनीच हात धरून आणले. चार वर्षांपासून सेक्रेटरी मी आहे. किल्ली, हिशेबाची वही, चहा, भाडे, फोन सगळे माझ्याकडे, निर्णय मात्र आप्पांचा. गेल्या महिन्यात एका पुढाऱ्याने स्वतःचा हॉल फुकट आणि ५१,००० रुपये देऊ केले. अट एवढीच की बाहेर त्यांच्या नावाचा फलक लावायचा. आप्पा हो म्हणाले, तरुण सदस्य अडून बसले, शेवटी मतदान झाले. देणगीच्या बाजूने ११ आणि विरोधात ९ मते पडली. ते नऊ जण आता येत नाहीत, शनिवारी दुसरीकडे बसतात. असे पुन्हा होऊ नये म्हणून मी गटासाठी २७ कलमांची घटना लिहिली आहे, ती सोबत जोडतो. गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांची आडव्या बाटलीची मोहीम (मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद) सुरू आहे. गटाने पाठिंब्याचा ठराव करावा असे काहींना वाटते. घरी बायको म्हणते, पूर्वी गुत्त्यावर असायचे, आता गटात असता, घरी कधीच नसता. मी सेवा सोडू, की गटच सोडू?
– तापीकाठचा एक सदस्य

प्रिय बंधू,

ओळख पटेल असा मजकूर गाळून तुमचे पत्र वर दिले आहे. आधी उत्तर देते, कारणे मागाहून. सेक्रेटरीपद येत्या दोन-तीन महिन्यांत सोडा, गट सोडू नका. देणगीचा निर्णय पुन्हा चर्चेला घ्या, आणि तोवर ना फलक लावा, ना पैसे स्वीकारा. घटना मंजुरीला ठेवू नका. दुकानबंदीचा ठराव गटात आणू नका. तुम्हाला स्वतःला त्या मोहिमेत काम करायचे असेल तर मात्र खुशाल करा.

तुमचा गट अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला नुसते ‘एए’ म्हणतात त्या पद्धतीने चालतो असे पत्रावरून दिसते, म्हणून त्याच चौकटीत लिहिते. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब या दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्या तुम्हाला तोंडपाठ असतील, पण बारा परंपरा भिंतीवरच्या तक्त्यावर टांगलेल्या राहतात आणि सेवेच्या बारा संकल्पना तर बहुतेक गटांत कोणी उघडूनही पाहत नाही. पायऱ्या एकट्या माणसाला दारूपासून वाचवतात आणि परंपरा गटाला त्यातल्याच माणसांपासून वाचवतात, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून मत झाले आहे. या परंपरा कोणी ऋषीने सांगितलेल्या नाहीत. पहिल्या दहा-बारा वर्षांत देशभरचे गट पैशावरून, पदावरून, प्रसिद्धीवरून भांडले, फुटले, त्यांनी मुख्य कचेरीला पत्रे लिहिली आणि त्या पत्रांच्या ढिगाऱ्यातून १९४६ साली बारा परंपरा लिहून निघाल्या. १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या. त्यामुळे तुमच्या गटात जे घडले ते लाजिरवाणे आहे असे समजू नका. त्याच जातीच्या भांडणांतून या परंपरा निघाल्या आहेत.

आता मतदानाकडे वळू. आपल्या खानदेशात सभा कशी चालवायची हे माणूस विकास सोसायटीत शिकतो, दूध संघात शिकतो, जिनिंग-प्रेसिंगच्या निवडणुकीत शिकतो. दोन पॅनल उभी राहतात, एक मत जास्त पडले तरी गुलाल उधळला जातो आणि हरलेले पॅनल पाच वर्षे दम खाते. त्या संस्थांच्या जागी ते ठीक आहे, कारण तिथे हरलेला माणूस पुढच्या निवडणुकीची वाट पाहू शकतो. तुमच्या गटात हरलेला माणूस त्याच संध्याकाळी गुत्त्याकडे वळू शकतो, आणि त्याला परत यायला किती दिवस लागतील, किंवा तो परत येईलच का, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ११ विरुद्ध ९ हा निकाल सोसायटीत बहुमत ठरतो. तुमच्या गटात मात्र त्याचा अर्थ इतकाच घ्यायचा की विषय अजून पिकलेला नाही.

दुसरी परंपरा सांगते की गटाच्या बाबतीत अखेरचा अधिकार एकच, आणि तो म्हणजे गटाच्या सामूहिक सद्सद्विवेकातून प्रकट होणारा प्रेमळ ईश्वर. पदाधिकारी हे विश्वासाचे सेवक आहेत, ते राज्य करीत नाहीत. ईश्वर या शब्दावर अडू नका, तुमच्या गटात नास्तिकही असतील आणि त्यांच्यासाठी गटाचा एकत्रित विवेक पुरेसा आहे. प्रश्न असा की हा विवेक कामात कसा आणायचा. त्याची रीत साधी आहे, पण वेळखाऊ आहे. कामकाजाची बैठक शेअरिंगच्या, म्हणजे आपापले अनुभव सांगण्याच्या मीटिंगपासून वेगळी ठेवायची. तिची तारीख आणि विषय आधीच्या दोन-तीन मीटिंगांत जाहीर करायचे, म्हणजे भुसावळला रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात पाळीवर असलेला माणूस, वरणगावच्या फॅक्टरीतला माणूस आणि कापूस वेचणीत अडकलेला माणूस यांपैकी कोणी नकळत वगळला जात नाही. बैठकीत ओळीने प्रत्येकाला बोलू द्यायचे, कोणी दुसऱ्यांदा बोलण्यापूर्वी प्रत्येकाची एक पाळी झालेली असावी, आणि मत घ्यायचेच झाले तर साध्या बहुमतावर न थांबता निदान दोन तृतीयांश तरी एका बाजूला असावेत असे आधीच ठरवायचे.

त्यानंतर येते ती पायरी आपल्या सभांना अगदी अपरिचित आहे. सेवेच्या बारा संकल्पना १९६२ साली स्वीकारल्या गेल्या आणि त्यातली पाचवी संकल्पना अल्पमताच्या हक्काविषयी आहे. मत झाल्यावर, निकाल लागल्यावर, विरोधात राहिलेल्यांना पुन्हा एकदा बोलायला सांगायचे आणि ते ऐकून झाल्यावर जिंकलेल्या बाजूला विचारायचे, की तुमच्यापैकी कोणाला आपले मत बदलावेसे वाटते का. एकानेही हो म्हटले तर विषय पुन्हा खुला होतो. तुमच्या बैठकीत हे झाले असते तर ते नऊ जण हरून बाहेर पडले नसते, आपले म्हणणे दोनदा ऐकले गेले या जाणिवेने तरी बाहेर पडले असते, आणि त्या अकरांतला एखादा, पुढाऱ्याच्या हॉलमध्ये बसून आपण कसे बोलू या विचाराने, कदाचित डगमगलाही असता.

एक गोष्ट आणखी, जी मी धुळ्यापासून चोपड्यापर्यंत अनेक खुल्या (बाहेरच्यांनाही बसता येते अशा) मीटिंगांत बसून पाहिली आहे. शेअरिंगमध्ये माणूस अहिराणीत मोकळा होतो, यावल-रावेरकडचा लेवा गणबोलीत बोलतो, सातपुड्याच्या पायथ्याचा पावरीत बोलतो आणि कोणी त्याला हसत नाही. मग कामकाजाची बैठक सुरू होते आणि अध्यक्ष महोदय, सूचक, अनुमोदक अशी कागदी मराठी खोलीत शिरते. तोच माणूस, जो दहा मिनिटांपूर्वी पोटच्या लेकराला मारल्याची कबुली देत होता, तो मान खाली घालून बसतो, कारण ही भाषा त्याच्या मालकाची आहे, ग्रामसेवकाची आहे. बैठकीत बोलतात ते शिक्षक, कारकून आणि तुमच्यासारखे वही सांभाळणारे. तेव्हा कामकाजही त्याच बोलीत चालू द्या ज्या बोलीत रडणे चालते. इतिवृत्त नंतर एकाने प्रमाण मराठीत चार ओळींत लिहिले तरी पुरते.

आप्पांविषयी तुम्ही फार जपून लिहिले आहे आणि ते मला आवडले. ज्याने हात धरून आणले त्याच्याविरुद्ध बोलणे आपल्याकडे कृतघ्नपणाचे मानतात. परंतु गट स्थापन करणाऱ्याने गटाचे ऐकावे ही रीत या चळवळीत स्थापनेच्या काळापासून आहे. बिल डब्ल्यू.ची दारू न्यूयॉर्कच्या ज्या रुग्णालयात सुटली, त्याचे मालक चार्ल्स टाउन्स यांनी त्याला पुढे तिथेच उपचारक म्हणून काम देऊ केले. बसायला जागा, खर्चाला पैसे आणि नफ्यात वाटा. बिल तेव्हा बेकार होता, त्याची पत्नी लोइस दुकानात नोकरी करून घर चालवीत होती, आणि घर भरून दारू सोडू पाहणारी माणसे असत. तो आनंदाने घरी आला आणि त्याच संध्याकाळी गटाला त्याने ही बातमी सांगितली. गटाने नको म्हटले. एका रुग्णालयाशी आपण बांधले जाऊ आणि पगारी माणसाचे शब्द आपल्याला पूर्वीसारखे लागणार नाहीत, असे त्या लोकांचे म्हणणे होते. बिलने ते मानले आणि नोकरी घेतली नाही. पुढे १९५५ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात चळवळीचा सारा कारभारही त्याने सदस्यांच्या प्रतिनिधींच्या हाती सोपवला. हा प्रसंग आप्पांना तुम्ही एकट्याने, त्यांच्या ओसरीवर बसून सांगा, बैठकीत सर्वांसमोर सांगू नका. चारचौघांत सांगितला तर ती शिकवण राहणार नाही, आरोप होईल.

परंपरांवरील लेखनात जुन्या सदस्यांचे दोन प्रकार वर्णिले आहेत. एक असा, जो गटाचा निर्णय पटला नाही तरी शांत बसतो, विचारले तर सल्ला देतो आणि न विचारता लादत नाही. दुसरा असा, ज्याची खात्री असते की आपल्यावाचून गट बुडेल, म्हणून तो जखम उघडी ठेवून फिरतो. या दोहोंत मुळातला फरक फार थोडा असतो, आणि बहुतेक जुने सदस्य काही काळ दुसऱ्या प्रकारात राहूनच पहिल्या प्रकारात येतात. आप्पांना तो काळ द्या. तुम्ही स्वतः मात्र त्या वाटेवर पहिले पाऊल टाकले आहे का, हे तपासून पाहा. ‘मी नसलो तर कुलूप कोण उघडेल’ हे तुमच्या पत्रातले वाक्य मी वरच्या सारांशात घेतलेले नाही, पण ते मला खटकले.

पद फिरते ठेवण्याचे कारण लोक सहसा लोकशाही म्हणून सांगतात. माझ्या मते कारण त्याहून जवळचे आहे. सेवा हा या आजारावरचा उपचार आहे, आणि तुम्ही चार वर्षे ती सगळी स्वतःकडे ठेवून इतर सगळ्यांना औषधाविना ठेवले आहे, तेही चांगल्या हेतूने. जळगाव जिल्ह्यातल्या एका गटात मी पाहिले, की चहाचे काम नेहमी सर्वांत नव्या सदस्याला देतात. पहिल्या आठवड्यात त्याचे हात थरथरतात, म्हणून गटाने नियम केला आहे की कप अर्धाच भरायचा. तो अर्धा कप घेऊन माणूस प्रत्येकापुढे जातो, प्रत्येकाचे नाव त्याला कळते, प्रत्येक जण त्याला ‘धन्यवाद भाऊ’ म्हणतो, आणि ज्याला घरात कोणी ताटावर बसवून घेत नव्हते त्याला आठवड्यातून तीनदा वीस माणसे वाट पाहताना दिसतात. पुढच्या मीटिंगला न येण्याचे निमित्त त्याच्याकडे उरत नाही, कारण चहा त्याच्याकडे आहे. हे काम तुम्ही करता तेव्हा तो चहा तसाच होतो, कदाचित जास्त चांगला होतो, पण त्याने कोणी बरे होत नाही.

तेव्हा कामे फोडा. किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे, साहित्याची पेटी तिसऱ्याकडे, चहा नव्याकडे, फोन एका दांडग्या सोब्रायटीच्या, म्हणजे दारू सुटून बरीच वर्षे झालेल्या माणसाकडे. गटातल्या पदांना सहा महिने किंवा एक वर्ष ही मुदत सर्वसाधारणपणे पुरेशी मानतात. गटाचा प्रतिनिधी म्हणून बाहेरच्या सेवा-मंडळात बसणाऱ्या जीएसआरची (जनरल सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह) मुदत दोन वर्षांची असते, कारण तिथले कामकाज समजायलाच काही महिने जातात. सेक्रेटरीला निदान वर्षभराची अखंड सोब्रायटी असावी, पैसे सांभाळणाऱ्याला त्याहून थोडी जास्त असावी. चहाला एक दिवसही पुरतो. मुदत संपण्याची तारीख मात्र कोणाच्या मर्जीवर न सोडता सर्वांना पाठ असलेल्या दिवसाशी बांधा. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे (वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याचे) साल संपते आणि मालक कितीही चांगला असला, सालदार कितीही प्रामाणिक असला, तरी त्या दिवशी हिशेब होऊन दोघे मोकळे होतात; गटाचा सेवकही असाच सालावर असावा. (आखाजीचे नाव निघाले म्हणून सांगते. त्या दोन-तीन दिवसांत गावोगाव पत्ते बसतात आणि पत्त्यांसोबत बाटली येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा पदाची अदलाबदल त्याआधीच्या बैठकीत उरका आणि आखाजीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ जादा मीटिंग ठेवा.)

नव्या सेक्रेटरीसोबत दोन महिने बरोबर राहा, मग एक महिना तो बोलावील तेव्हाच जा, आणि त्यानंतर तो चुकीच्या हॉलवाल्याला भाडे देऊन आला तरी गप्प बसा. हे शेवटचे सर्वांत अवघड जाईल. दहावी संकल्पना म्हणते की ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याला तेवढाच अधिकार द्यावा. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले नाही, जबाबदारी तुमची आणि अधिकार आप्पांचा राहिला. तो अनुभव पुढच्या माणसाच्या वाट्याला येऊ देऊ नका.

देणगीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सातवी परंपरा सांगते की प्रत्येक गटाने संपूर्ण स्वावलंबी असावे आणि बाहेरची देणगी नाकारावी. १९३८ साली बिल आणि त्याचे सहकारी मोठ्या रकमेच्या आशेने जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्यापर्यंत पोहोचले होते; रुग्णालये उघडावीत, पगारी कार्यकर्ते नेमावेत अशी स्वप्ने होती. रॉकफेलर यांनी ५,००० डॉलर दिले आणि पैशाने हे काम बिघडेल अशी शंका बोलून दाखवली. जगातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यातल्या माणसाला जे कळले ते आपल्याकडच्या पुढाऱ्याला कळणार नाही, कारण त्याला निवडणूक लढवायची आहे. फलकावर नाव लागले की गट त्याचा झाला. विरोधी राजकीय गटाचा कार्यकर्ता, त्याची दारू कितीही वाढली तरी, त्या दारातून आत येणार नाही. त्यातून अनामिकता हा या चळवळीचा पाया. पुढाऱ्याच्या हॉलबाहेर कोणाच्या मोटारसायकली लागल्या आहेत हे सारे गाव मोजत बसेल.

पैशाची तुम्हाला खरोखर किती गरज आहे याचा हिशेब केला आहे का? वीस माणसांनी प्रत्येक मीटिंगला दहा रुपये पिशवीत टाकले, आठवड्याला तीन मीटिंगा झाल्या, तर महिन्याला सुमारे २,४०० रुपये जमतात. तालुक्याच्या गावात शाळेची खोली किंवा समाजमंदिर नाममात्र भाड्याने मिळते, चहा-साखर आणि थोडे साहित्य त्यात बसते. नव्या आलेल्याकडून काही घेऊ नये, आणि ज्याच्याकडे आज नाही त्याने पिशवीत नुसता हात घालून काढावा, कोणी पाहत नाही. जागा कोणी आपण होऊन फुकट दिली तरी थोडे भाडे द्याच आणि त्याची पावती घ्या. जमलेले पैसे दोघांनी मिळून मोजावेत, महिन्याचा हिशेब मीटिंगमध्ये मोठ्याने वाचावा आणि दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक ठेवून उरलेले वर, सेवा-मंडळाकडे पाठवावे. पुढाऱ्यांना नम्रपणे सांगा की आम्हाला घेता येत नाही, पण त्यांच्या ओळखीतल्या एखाद्या मद्यपीला आमच्याकडे पाठवले तर उपकार होतील. राग येणार नाही. आला तरी तो निवडणुकीपर्यंतच टिकेल.

तुमची घटना मी सगळी वाचली. तळमळ दिसते. पण १९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या एका गावात असाच एक उत्साही गट होता, त्याने उपचार केंद्र, क्लब आणि प्रचार असा मोठा बेत आखून ६१ नियम केले. थोड्याच दिवसांत सगळा डोलारा कोसळला. त्यानंतर तिथल्या म्होरक्याने एक कार्ड काढले, त्यावर नियम क्रमांक ६२ छापला होता, आणि त्याचा आशय असा होता की स्वतःला फार गंभीरपणे घेऊ नका. तुम्ही अजून २७ वरच आहात, तेव्हा वेळ गेलेली नाही. चौथी परंपरा गटाला स्वायत्तता देते. वर सांगितलेल्या बैठकीच्या रीतीबद्दल आणि पदांच्या मुदतीबद्दल अर्धे पान पुरेल.

एका कलमाबद्दल मात्र गंमत बाजूला ठेवून लिहिते. कलम १९ म्हणते की नव्या सदस्याची दारू सोडवण्यासाठी त्याला सेक्रेटरीच्या घरी तीन दिवस ठेवावे. हे कृपा करून कधीही करू नका. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, ताप चढून जीवही जाऊ शकतो, आणि हे घडताना काय करायचे याचे शिक्षण तुमच्याकडे नाही. आठव्या परंपरेनुसार तुम्ही व्यावसायिक नाही, स्वयंसेवक आहात. तुमचे काम दोघांनी मिळून त्याच्या घरी जाणे, त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा मनोविकार तज्ज्ञाकडे नेणे, तो तिथून बाहेर पडेल त्या दिवशी दारात उभे राहणे. कुठे न्यावे हे सुचत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे.

आडव्या बाटलीच्या मोहिमेबद्दल तुमच्या गटातल्या मंडळींची भावना मला समजते, आणि एक बाई म्हणून त्या मोहिमेला माझा पाठिंबाही आहे. परंतु दहावी परंपरा सांगते की बाहेरच्या प्रश्नांवर गटाला मत नसते. यामागेही ठेच लागलेली आहे. १८४० साली बाल्टिमोर शहरात मद्यपींनीच सुरू केलेली वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ काही वर्षांत प्रचंड वाढली, मग दारूबंदीच्या आणि इतर सामाजिक वादांत ओढली गेली आणि विस्कटून गेली. एएच्या लोकांनी परंपरा लिहिताना तिचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले होते. तुमच्या गावापुरते बोलायचे तर त्या दुकानातला नोकर, जो दिवसभर ग्लास भरतो आणि रात्री उरलेले पितो, तोही उद्या तुमच्या दारात यायचा आहे. गटाने दुकानाविरुद्ध ठराव केला तर तो येणार नाही. सदस्य नागरिक म्हणून मोर्चात जावोत, त्यांच्या बायका मतदानाला जावोत. फक्त कोणी ‘आम्ही गटाकडून आलो’ म्हणू नये.

तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिले असले तरी मला ते निदान वाटते. सेवेतही माणूस लपून बसू शकतो. तिथे लोक मान देतात, घरात जुना हिशेब मागतात. ज्या घराने तुमच्या पिण्याची वर्षे सोसली त्या घरी तुम्ही सोबर झाल्यावरची संध्याकाळही जाऊ नये, हे कोणत्याही परंपरेत बसत नाही. यापुढे एका वेळी एकच सेवा घ्या, आणि मीटिंग नसलेल्या चार संध्याकाळी फोन दुसऱ्याकडे असू द्या. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही १९५१ पासूनची स्वतंत्र चळवळ आहे. पत्नीची इच्छा असेल तर जवळच्या शहरात तिची मीटिंग कुठे भरते ते शोधून द्या, पण तिला तिकडे ढकलू नका. तिला गट नको असेल आणि फक्त तुम्ही जेवायला घरी हवे असाल, तर तेही पुरे आहे.

राहिले ते नऊ जण. त्यांनी शनिवारी वेगळे बसायला सुरुवात केली म्हणून त्यांना फुटीर म्हणू नका आणि इतरांनाही म्हणू देऊ नका. दोन-तीन मद्यपी सोब्रायटीसाठी एकत्र बसले आणि त्यांचे दुसऱ्या कशाशी लागेबांधे नसले तर तो गट झाला, असे तिसऱ्या परंपरेच्या विस्तृत पाठात म्हटले आहे. त्यांना तुमची परवानगी लागत नाही. गावाला आठवड्यातून चौथी मीटिंग मिळाली, एवढाच त्याचा अर्थ घ्या. देणगीचा विषय पुन्हा बैठकीत येईल त्या तारखेचे निमंत्रण मात्र त्या प्रत्येकाला घरी जाऊन द्या, फोनवर नको, आणि जाताना ज्यांनी देणगीच्या बाजूने मत दिले होते त्यांच्यापैकी एकाला सोबत घ्या. शक्य असेल तर त्याआधीच्या एखाद्या शनिवारी त्यांच्याकडे सदस्य म्हणून जा, तुमची पाळी आली की स्वतःच्या दारूबद्दल बोला आणि देणगीचा विषय कोणी काढला तर तो बैठकीत बोलू असे सांगून तिथेच थांबवा.

तुमची,
ताई